कुणी किती सोडायचं

आमच्या नरसिंहपुरात नीरा आणि भीमा मिळतात. देऊळ आहे ते दोन नद्यांच्या मधल्या टोकावर. एका काठापलीकडं माढा तालुका, दुसऱ्या काठापलीकडं माळशिरस, पाठीमागं आमचा इंदापूर. देवाला आलेला पाहुणा घाटावरून खाली बघतो आणि हमखास म्हणतो, "तुम्हाला काय बाबा, दोन-दोन नद्या! पाण्याची काय ददात?" आम्ही हसतो आणि चहा सांगतो. त्याला काय सांगायचं, की या नद्यांतलं पाणी आता हुकमाचं झालंय. भीमेवर उजनी आहे. नीरेच्या खोऱ्यात भाटघर, वीर, नीरा देवघर आहे. पावसाळा सरला की वर कुणी दार उघडल्याशिवाय आमच्या वाळूवरून पाणी वाहत नाही, आणि ते दार कधी व कुणासाठी उघडायचं हे पुण्यात, सोलापुरात नाहीतर मुंबईत ठरतं.

नदीला मोटार टाकायला परवानगी लागते, हे शहरातल्या पुष्कळ लोकांना माहीत नसतं. १९७६ च्या पाटबंधारे कायद्यानं नदीचं पाणी सरकारच्या ताब्यातलं. आपण अर्ज करायचा, सात-बारा जोडायचा, मग कागद मिळतो. त्यावर क्षेत्र किती, मोटार किती हॉर्सपॉवरची, पाणी कुठल्या हंगामाला, मुदत किती, हे सगळं लिहिलेलं असतं. त्या कागदावर विजेचं कनेक्शन, त्यावर सोसायटीचं कर्ज, त्यावर ऊस, त्यावर कारखान्याची नोंद, आणि त्यावर पोराचं लग्न. सगळा डोलारा एका कागदावर उभा. माझ्या वडलांच्या काळात काठावर ऑइल इंजिन धडधडायचं आणि ज्वारी-हरभऱ्याला एखाद-दुसरं पाणी मिळालं की माणूस खूश असायचा. १९८० च्या सुमाराला उजनी झाली, विजेच्या मोटारी आल्या, आणि दहा-पंधरा वर्षांत सगळा काठ उसानं हिरवा झाला.

आमची नऊ घरांची मिळून एक सामाईक पाइपलाइन आहे. एक जॅकवेल, दोन मोटारी, चाळीस एकरांची परवानगी. मुदत संपत आली तेव्हा चौकशीला गेलो. नव्यानं तेवढीच मिळेल असं कुणी छातीठोक सांगेना. एकानं तेवढं हळूच सांगितलं, "तुम्ही आपले तीन हिश्श्यांवर धरून चाला." म्हणजे चाळिसाचे तीस. कागदावर अजून काही आलेलं नाही. पण आल्यावर भांडण्यापेक्षा आधी बसून ठरवावं, म्हणून आम्ही देवळाच्या ओवरीत बसलो. दहा एकरांचं पाणी जाणार. ते कुणाचं जाणार? प्रश्न एवढाच. पण त्यावर मी जेवढा विचार केला तेवढा दहावीच्या परीक्षेत सुद्धा केला नव्हता.

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं. सरसकट. प्रत्येकाचा पाव हिस्सा कमी, तक्रार कुणाला नाही. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. मी वहीत आकडे मांडले. माझ्या थोरल्या चुलतभावाचं, आम्ही त्याला दादाच म्हणतो, अकरा एकर भिजतं. त्याचे जाणार पावणेतीन एकर, राहणार सव्वाआठ. आमच्यात एक वैनी आहेत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचं भिजतं दीड एकर, म्हणजे साठ गुंठे. त्यांचे जाणार पंधरा गुंठे. पाव म्हणजे पाव, दोघांना सारखंच. पण दादाचे पावणेतीन एकर गेले तर एका वर्षी ट्रॅक्टरचं टायर बदलायचं राहील. वैनींचे पंधरा गुंठे म्हणजे दोन गायींचं घासगवत. घास गेला की गायी गेल्या, गायी गेल्या की दर दहा दिवसांनी डेअरीतून येणारा पैसा गेला, आणि त्यांचं घर त्याच पैशावर चालतं.

वैनी बैठकीत एवढंच बोलल्या, "तुमचं कापलं तर बोट जातंय, माझं कापलं तर हातच जातोय. माप सारखंच हाय म्हना."

दुसरं उत्तर दादाचं. "पाइपलाइन कुणी टाकली? आमच्या बानं. जमीन गहाण ठिवून टाकली. तुमी मागनं आलासा." हे खोटं नाही. चुलत्यांनी जॅकवेल पाडली तेव्हा बाकीचे बघत उभे होते, काहीजण हसलेही असतील. आधी आला, धोका घेतला, त्याचा हक्क पुढं, हा न्याय जगात पुष्कळ ठिकाणी चालतो. एसटीच्या शीटवर रुमाल टाकणाऱ्यापासून गावच्या गायरानात वस्ती करणाऱ्यापर्यंत सगळे तोच सांगतात. पण चुलत्यांनी पैसा घातला तो पाइपात, मोटारीत, विहिरीच्या खणाईत. नदीत कुणी पैसा घातला नाही. पाइपाचे पैसे हिशेबानं फेडता येतात, आणि आम्ही नंतर आलेल्यांनी आपापला हिस्सा फेडलाही. आधी येण्यानं पाइपावर मालकी येते हे मला पटतं. पाण्यावर कशी येते, हे दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आदी आमचं पानी बंद करून बग, मग सांगतो."

आणि आधी कोण आलं हे बघायचं तर फार मागं जावं लागेल. उजनी ११७ टीएमसीची. त्यातले त्रेसष्टच्या आसपास मृतसाठा. एवढं पाणी साठवायला कितीतरी गावं उठली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं. दुष्काळात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. ज्यांची काळी जमीन त्या पाण्याखाली आहे ते आमच्या आधीचे. आधी येण्याचा न्याय लावायचा तर पहिली पाळी त्यांची.

पाणी कमी करून वाटायची वेळ या भागावर पहिल्यांदा आलेली नाही. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या वेळचा, १८८५ च्या सुमाराला सुरू झाला. दुष्काळात ज्वारी वाचावी म्हणून काढलेला तो कालवा. पाऊस बरा झाला की लोक पाणी घेत नव्हते, आणि पुढं ऊस आला तेव्हा घेणारे सगळंच घ्यायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या साहेबांनी तिथं ब्लॉकची पद्धत आणली. ऊस ठरलेल्या तुकड्यात, तोही तिसऱ्या हिश्शात, बाकीच्यात भुसार पिकं, आणि ठराविक वर्षांची मंजुरी. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "अमक्याचा ब्लॉक" असं बोलतात. त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. पाणी एकाच्या रानात मुरण्यापेक्षा पुष्कळांच्या रानात फिरावं. ज्यांनी तो मोडला त्यांच्या रानाचं काय झालं तेही आम्ही पाहिलंय. कालव्याच्या पट्ट्यात कित्येक जमिनी चोपण झाल्या, पांढरी मिठं फुटली. जादा पाणी घेणाऱ्याला कुठल्याही कोर्टानं दंड केला नसेल तेवढा त्याच्याच जमिनीनं केला.

तिसरं उत्तर कचेरीतलं असतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. मागच्या वापरावरून ठरवायचं. म्हणजे मागची पाच वर्षं कोण किती उपसत होता ते बघायचं, आणि त्याच्या पंचाहत्तर टक्के द्यायचं. कागदावर फार शास्त्रशुद्ध. आता आमच्यातला एक पुतण्या बघा. त्याचं पाच एकर. कर्ज काढून त्यानं सगळ्याला ठिबक केलं. जिथं आठ तास मोटार चालायची तिथं चार तासांत भागायला लागलं. आम्ही बाकीचे मोकाट पाणी देत होतो, सरी तुंबेपर्यंत. आता मागच्या वापराचा पाव कापला तर आमचे आठाचे सहा तास होणार आणि त्याचे चाराचे तीन. आम्ही उद्या ठिबक केलं की सहा तासांत आरामात भागवू आणि वर दोन तास शिल्लक. त्याला मात्र काटकसर करायला आता काही उरलेलंच नाही.

तो मला म्हणाला, "नाना, मग म्या बी पाच वर्षं मोटार चालूच ठिवायला पायजे हुती. पानी नदीत परत सोडलं असतं तरी मीटर पळलं असतं."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. काटकसर करणाऱ्याला आपण काय शिकवतोय? नियम असा पाहिजे की शहाण्याला आपल्या शहाणपणाचा पस्तावा होऊ नये. आणि हे काही आमच्या पाइपलाइनीपुरतं नाही. घरात सुद्धा जी सून कमी मागते तिला कमीच मिळत जातं, आणि शेवटी "तिला लागतंच कमी" असं म्हणून लोक मोकळे होतात.

चौथं उत्तर पुरंदर तालुक्यातलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. ते कारखानदार, इंजिनियर माणूस. त्यांनी पाणी पंचायत काढली, आणि तिचा पायाच वेगळा घातला. पाणी जमिनीला द्यायचं नाही, माणसाला द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऐकून माझे चुलते म्हणाले होते, "असं कुटं असतंय व्हय?" पण तिथल्या माळरानावर ते होऊन दाखवलं.

मी आमच्या नऊ घरांना तो हिशेब लावून बघितला. माणसं एकावन्न. माणशी अर्धा एकर म्हणजे साडेपंचवीस एकर. पण घराला अडीच एकरांची मर्यादा, म्हणजे नऊ घरांचे मिळून फार तर साडेबावीस. आम्हाला मिळणार तीस. साडेसात एकरांचं पाणी वर उरतंय! ते मग आमच्याच रानात खुरपायला येणाऱ्या बायांना, मोळ्या बांधणाऱ्यांना, ज्यांच्या नावावर गुंठा नाही त्यांना जायला पाहिजे. हा हिशेब मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा ओवरीत जी शांतता झाली ती अजून आठवते. कुणीच रागावलं नाही. सगळ्यांनी देवाकडं बघितलं.

मला स्वतःला तो न्याय खरा वाटतो. पण ज्याच्या घरावर अकरा एकरांच्या उसाचं कर्ज आहे त्याला एका दिवसात अडीचावर या म्हणणं हे मला जमत नाही. पुरंदरला कोरड्या माळावर पाणी नव्यानं आणलं होतं, वाटणीचा नियम आधी आणि पाणी नंतर. आमच्याकडं पाणी आधी आलं, आणि त्याच्यावर घरं उभी राहून झाल्यावर नियम येतोय. देण्यातला न्याय आणि काढून घेण्यातला न्याय एकच असतो का? मला तो एक वाटत नाही. काढून घेताना माणूस आज कुठं उभा आहे हे बघावं लागतं.

खानदेशात पांझरेच्या काठी फडाची पद्धत आहे, शेकडो वर्षांची. पाटाखालच्या सगळ्या रानाचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी आलं की एखादा फडच कोरडा ठेवायचा. म्हणजे बंद झालं तर सगळ्यांचंच थोडं बंद. कुणाचं कापायचं ही वेळच येत नाही. ज्या कुणा अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी हे बसवलं त्यांना माझा नमस्कार. आमच्या जमिनी एकेका जागी गोळा झालेल्या, आम्हाला ते आता जमायचं नाही.

आता खालच्यांचं बोलायला पाहिजे, कारण आम्ही नऊ घरं भांडतोय ते पाणी मुळात कुणाचं, हे आम्ही बैठकीत कुणीच काढलं नव्हतं. वर्षानुवर्षं उजनीतून सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेत पाणी सोडत आले. ते पंढरपूर, मंगळवेढा करत खाली औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यात जातं. एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडायचं, तेव्हा कुठं बंधारे भरतात; बाकीचं वाळू पिते, ऊन पितं आणि काठावरच्या मोटारी पितात. पाणी सोडलं की काठाची वीज कमी करतात ती त्यासाठीच. त्या दिवसांत रात्री काठानं चाललं तर काय काय आवाज ऐकू येतात ते मी लिहीत नाही.

पुढं सोलापूरसाठी उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकली. रोज १७० दशलक्ष लिटरची, म्हणजे सतरा कोटी लिटर. मी गुणाकार केला. वर्षाचं सहा हजार दोनशे कोटी लिटर होतं. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे बत्तीस कोटी लिटर. म्हणजे वर्षभराचं झालं सव्वादोन टीएमसीच्या आत. नदीतून एका खेपेला जेवढं सोडत होते त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात तो नळ वर्षभर चालतो! हा आकडा बघितल्यावर नदीतूनच सोडा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि तरीही, नळ चालला की नदीचं सोडणं कमी होणार, आणि नदीचं सोडणं कमी झालं की आमच्या जॅकवेलीत पाणी कुठून येणार? आमच्या कागदावरचे दहा एकर कमी होण्यामागं ही एवढी मोठी गोष्ट आहे.

शहरातला माणूस म्हणेल, मग इतकी वर्षं तुम्ही आमचं पाणी चोरलंत. मी त्याला दोन गोष्टी सांगेन. एक, आमच्यातल्या पुष्कळांकडं परवानगीचा कागद आहे आणि पाणीपट्टीच्या पावत्या आहेत. दुसरी, दारावरून चाळीस वर्षं पाणी गेलं, सगळ्यांना दिसत होतं, कुणी अडवलं नाही, उलट कारखाने वाढले, बँकांनी कर्जं दिली. त्यानं पाणी आमच्या मालकीचं झालं असं मी म्हणत नाही. पावती पाणी वापरल्याची आहे, विकत घेतल्याची नाही, हे मला कळतं. पण रानातनं चाळीस वर्षं लोकांची पायवाट असेल तर मालकानं एका रात्रीत काटे लावू नयेत. निदान सांगावं, की बाबांनो, अमक्या सालापासून ही वाट बंद.

म्हणून माझी सरकारकडं मागणी असेल तर ती वेळेची आहे. आडसाली ऊस आषाढ-श्रावणात लागतो आणि तो तुटायला सोळा-अठरा महिने जातात. त्याचा खोडवा धरला तर आणखी वर्ष. शेतकऱ्याचं वर्ष एप्रिल ते मार्च नसतं. परवानगी कमी करायची तर ती लागणीआधी सांगा, उभ्या उसात सांगू नका. उसाला कांडी सुटल्यावर पाणी तोडणं म्हणजे पोराला सातवीतून काढून पुन्हा पहिलीत बसवणं. नीरेच्या पाण्याचं आमच्या भागानं बघितलंय. डाव्या कालव्याला किती, उजव्याला किती, यावर २०१९ ला एक आदेश निघाला आणि २०२० ला दुसरा. २०२१ ला उजनीचं पाच टीएमसी इंदापूरला द्यायचं ठरलं, सोलापूर पेटलं, आणि महिनाभरात ते रद्द. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हे मी इथं काढत नाही. प्रत्येक काठाला आपलंच खरं वाटतं. पण पाणी सरकार बदललं की बदलायला लागलं तर माणूस पुढचं काही ठरवूच शकत नाही, आणि ज्याला ठरवता येत नाही तो मिळेल तेवढं आजच उपसतो. ओरबाडणं हे पुष्कळदा हावरटपणातनं येत नाही, उद्याच्या भरवशाच्या अभावातनं येतं.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग म्हणून मोठं खोरं आहे. तिथं १९९५ ला उपशावर मर्यादा घातली, आणि २०१२ च्या आराखड्यानंतर आणखी कमी करायला घेतलं. तिथं पाण्याचा परवाना विकता येतो, म्हणून जो राजी असेल त्याच्याकडून सरकारनंच परवाने विकत घेतले, का, तर नदीत पाणी राहावं. आमच्या पुतण्याला हे फार आवडलं. "बगा नाना, पैसं देऊन काढून घेत्यात." मलाही आधी बरं वाटलं. पण तिथल्या गावांची तक्रार अशी, की परवाना विकणाऱ्याला पैसे मिळाले, आणि त्याच्या रानात राबणाऱ्याला, गावातल्या दुकानदाराला काहीच मिळालं नाही. दादानं उद्या अकरा एकर पडीक टाकलं तर दादाला भरपाई मिळेल, पण त्याच्या रानात वर्षाकाठी शंभर दिवस कामाला येणारी बाई कुठं अर्ज करणार? तिच्याकडं कमी करायला परवानगीच नाही. पाणी कमी झाल्याचा हिशेब नेहमी कागद असलेल्यांचा होतो.

२०२३ च्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली, आणि २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. त्या उन्हाळ्यानं आमच्या बैठकीतलं पुष्कळसं तत्त्वज्ञान वाळवून टाकलं. मी एक हिशेब सगळ्यांना सांगितला. एकरावर एक इंच पाणी म्हणजे लाखभर लिटर. मोकाट पाण्याच्या उसाला वर्षाला ऐंशी इंच धरले तर आमच्या दहा एकरांचं होतं आठ कोटी लिटरच्या वर. सोलापूरच्या त्या नळाचं ते अर्ध्या दिवसाचं पाणी. वैनी म्हणाल्या, "आरं देवा, अर्द्या दिसाचं?" दादाला ते उलटं लागलं. "मग अर्द्या दिसासाटी आमाला कशाला मारता?" एकाच आकड्यातनं दोन माणसं दोन गोष्टी काढतात. दादाचंही खरं आहे, एकट्या आमच्या दहा एकरांनी शहर जगत नाही की मरत नाही. पण काठावरच्या प्रत्येक पाइपलाइनीला असंच म्हणता येतं, आणि सगळ्यांनी म्हटलं की बंधारा कोरडा.

शेवटी आम्ही जे लिहिलं ते असं. प्रत्येक घराच्या पहिल्या दीड एकराला हात लावायचा नाही. नऊ घरांचे ते साडेतेरा एकर. उरलेले साडेसव्वीस, दहा एकरांची सगळी कपात त्यांच्यातनं, ज्याच्या त्याच्या प्रमाणात. मोटारीचे तास क्षेत्रावर धरायचे, मागच्या वापरावर नाही. म्हणजे ठिबकवाल्याचं वाचेल ते त्याचं. ऊस तिसऱ्या हिश्शावर नको, म्हणजे विश्वेश्वरय्यांचाच जुना नियम. हा ऊसाचा नियम कितपत टिकेल, मला शंका आहे. भाव कुठल्या पिकाचा पक्का आहे हे बघूनच माणूस लागण करतो, आणि तो भरवसा आजवर उसाशिवाय कुणी दिलेला नाही.

या वाटणीनं वैनींचं काहीच जात नाही. पुतण्याचं सरसकटपेक्षा तीन गुंठे जास्त जातं, तो हसून हो म्हणाला. माझं चार एकर. माझा सरसकटपेक्षा दोन गुंठ्यांचा फायदाच होतो. तेव्हा मी वर जे काही न्याय-अन्याय लिहिलंय त्यातनं वाचकानं हे दोन गुंठे वजा करून घ्यावेत. दादाचं सरसकटमध्ये पावणेतीन एकर जाणार होतं, आता साडेतीनच्या थोडं वर जातं. म्हणजे जादा तेहतीस गुंठे. एवढा सगळा वाद, आधी कोण, माणशी की जमिनीला, वरचा की खालचा, तो सगळा येऊन या तेहतीस गुंठ्यांवर थांबला.

दादा म्हणाला, "दीडच का? दोन का न्हाय? एक का न्हाय?" ह्याला खरं उत्तर असं आहे की सगळ्यात लहान घर दीड एकराचं आहे म्हणून दीड. दुसरं कारण नाही. तो म्हणाला, "मग हे न्यायाचं न्हाय, हे वैनीकडं बगून ठरलंय." मी म्हटलं, हो. कुणाकडं तरी बघूनच ठरतं. सरसकट ठरतं तेव्हाही कुणाकडं तरी बघितलेलंच असतं, फक्त ते कबूल करत नाहीत. त्यावर तो काही बोलला नाही. आठ सह्या झाल्या आहेत.

एक गोष्ट मात्र राहिली होती, ती पुढच्या बैठकीला निघाली. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती. तेव्हा नदी सगळ्यात खाली गेलेली असते, आणि माणसं आंघोळीला संगमावर येतात. लेकरांना घेऊन आलेल्या बाया गुडघाभर पाण्यात तांब्या बुडवून अंगावर घेतात, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्या मोटारी तेच पाणी ओढत असतात. चाळिसाचे तीस करताना नदीच्या स्वतःच्या वाट्याला आम्ही काहीच लिहिलं नव्हतं. मासे, गुरं, घाटावरची माणसं, कुणाचाच गुंठा नाही. जयंतीच्या आसपास मोटारी बंद ठेवाव्यात असं वैनींनी काढलं. कुणी एक दिवस म्हणालं, कुणी दोन. दादा म्हणाला, "पाच दिवस. दोन दिसात नदीला काय कळतंय?"

मी वहीत पाच लिहून घेतलं. तेहतीस गुंठ्यांखाली त्याची सही अजून व्हायची आहे.